मागच्या भिंतीचं भांडण

हिरूदादा, तुला जाऊन आज तेरा दिवस झाले. सकाळी उठलो, चहा घेतला आणि टेप घेऊन पुन्हा तू बांधलेली मागची भिंत मोजली. मोरीच्या टोकाला खोली अकरा फूट, खिडकीच्या टोकाला बारा. म्हणजे तू गेलास तरी भिंत काही सुधारली नाही.

यावर तू काय म्हणाला असतास ते मला पाठ आहे. 'भिंत सरल हाय रं. तुजा प्लॉट वाकडा हाय.' सात वर्षं दर रविवारी हेच वाक्य. मधे एकदा मी कारखान्यातून काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या मागून आणला, कोपऱ्यात लावून दाखवला, की बघ, इथं चार बोटं फट राहते. तू गुण्या हातात घेऊन उलटासुलटा पाहिलास आणि म्हणालास, 'चांगला हाय. पन याला शेतातलं काय कलतंय?' तेव्हा मी हसलो होतो. भिंत मोजताना शेत कुठून आलं, हे मात्र विचारलं नाही.

तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिताना धाप लागते. सातवीत शाळा सोडलेला माणूस मी. कागद समोर आला की अजून वाटतं, कुठंतरी चुकीच्या जागी सही होणार. तरी लिहितोय, कारण आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि आता बोलणारा मी एकटाच आहे. अशी संधी तू जिवंत असताना मला एकदाही दिली नाहीस.

तुला 'तू' म्हणतोय याचं लोकांना नवल वाटेल. वयानं तू पंधरा वर्षांनी मोठा. पहिल्या दिवशी मी आमच्या मराठवाड्याच्या रीतीनं म्हणालो, 'तुम्ही इथलेच का?' तर तू थापी खाली ठेवलीस. 'मना तुमी नको बोलू. आजवर मना तुमी बोललं त्यो परतेक माणूस कागद घेऊन आला. तू बोल.' तेव्हापासून तू.

त्या पहिल्या दिवसाची गोष्ट मी कारखान्यात इतक्यांदा सांगितली आहे की पॅकिंग खात्यात ती आता सगळ्यांना येते. पण तिच्यातला एक भाग मी नेहमी गाळतो. आज गाळणार नाही.

महामंडळाच्या सोडतीत माझी चिठ्ठी लागली आणि मला पत्र आलं. पहिल्या ओळीत 'वाटप करण्यात आले आहे' असं होतं. खाली सहा कलमं होती, ती अवघड दिसली म्हणून सोडून दिली. कमी शिकलेल्या माणसाची हीच पद्धत असते, पहिली ओळ वाचायची, शेवटचा शिक्का बघायचा, मधलं नशिबावर टाकायचं. त्याच दिवशी गावी पोस्टकार्ड टाकलं, 'बाबा, मला मुंबईच्या पलीकडं नव्या शहरात सरकारी घर मिळालं. बघायला या.'

बाबा आले. एसटीनं, एक रात्र आणि अर्धा दिवस बसून, ज्वारीचं पोतं, घोंगडी आणि घोंगडीत गुंडाळलेली भगवान बुद्धांची तसबीर घेऊन. नव्या घराच्या भिंतीवर लावायला. मी त्यांना रबाळ्याच्या कारखान्यावरून चालवत इथं आणलं. मीही तेव्हाच पहिल्यांदा बघत होतो, हे त्यांना सांगितलं नव्हतं.

समोर माळ. माळावर लाल मुरूम. आणि मुरुमावर ओळीनं चाळीस संडास. बाकी काही नाही. प्रत्येकाला एक दार, एक पत्रा, शेजारी एक नळ आणि दारावर आकडा.

'घर कुठंय रं?' बाबांनी विचारलं.

मी माझा आकडा शोधला. 'हे काय.'

'हा संडास हाय.'

'याच्यासंगट घर आपण बांधायचं, असं असंल.'

बाबांनी संडासाला एक फेरी मारली. मग म्हणाले, 'आपल्याकडं घर आधी बांधतेत. अन् संडास बांधतच न्हाईत.'

आज मला ती योजना कळते आणि मी तिचे उपकार मानतो. अख्खं बांधलेलं घर आमच्यासारख्याला झेपलं नसतं. म्हणून महामंडळानं ठरवलं की कामगाराला जागा द्यायची, नळ द्यायचा, गटाराला जोडलेला संडास द्यायचा, म्हणजे जे त्याला एकट्याला जमणार नाही ते आपण करायचं आणि चार भिंती त्यानं उभ्या करायच्या. ज्या कोणा साहेबाच्या डोक्यात हे आलं त्याचं भलं होवो. पण त्या दिवशी बापासमोर मी उभा होतो तो एका संडासाचा मालक म्हणून. तसबीर लावायला भिंती होत्या त्याही त्याच्याच. बाबांनी तसबीर पुन्हा घोंगडीत गुंडाळली.

मग त्यांना जायचं होतं. लांबचा प्रवास झालेला. मी मोठ्या ऐटीत माझ्या संडासाचं दार उघडलं. बाबांनी आत डोकावून पाहिलं, 'इतकं सोच्छ हाय, इथं कसं बसावं?' असं म्हणून नळावर डबा भरला आणि चाळीस संडासांच्या ओळीसमोरून ताठ मानेनं मोकळ्यावर निघाले.

विटांच्या ढिगावर बसून तू हे बघत होतास. 'बाबा, चालीस टाकून कुटं चाललास?'

'मोकळ्यावर.'

'मोकलं आता कुटं ऱ्हायलंय?'

तू इतका हसत होतास की मला राग आला. बाबा मात्र परत येऊन तुझ्याजवळच टेकले. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबलेला माणूस तो, बसल्या बसल्या अंगठ्यानं मुरूम उकरायला लागला. खालची काळी माती वर आली. ती बोटात चोळून त्यांनी विचारलं, 'ही भाताची जमीन हाय. कुनाचं वावर व्हतं हे?'

'माजं. सरकारनं घेतलं.'

'अन् तू हितं काय करतो?'

'संडास बांदतंय. कंत्राटदाराकडं,' तू म्हणालास. 'बापाच्या वक्ताला भात पिकायचा. यंदा चालीस संडास पिकलं. पीक चांगलं आलंय, नाय?'

तुम्ही दोघंही खूप हसलात. बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. इथपर्यंत मी सगळ्यांना सांगतो. पुढचं सांगत नाही.

परत जाताना एसटीच्या खिडकीतून बाबांनी माझं मनगट धरलं. 'बांधायच्या आधी त्याला इचार.' मी म्हटलं, सरकारनं दिलीय जागा, कागद आहे. ते म्हणाले, 'कागद असू दे. आपल्या सात पिढ्यांत कुनाच्या नावावर वीतभर वावर न्हवतं. पाटलाच्या वावरात न इचारता पाय टाकला म्हनून तुझ्या आज्यानं मार खाल्लाय. आपल्याला पयली जमीन मिळाली ती ह्या मानसाची. तू इचार.'

विचारतो म्हणालो. आणि विचारलं नाही. घाबरलो, हिरूदादा. मी विचारायचो आणि तू 'नको' म्हणायचास, तर?

तोवर ती सोडलेली सहा कलमं मी टाइमकीपरकडून वाचून घेतली होती. पाचवं कलम जिवावरचं होतं. सहा महिन्यांत चार भिंती, छप्पर आणि आत राहतं माणूस, नाहीतर वाटप रद्द. माझी बायको शांता गावाकडं होती आणि तिचंही एकच कलम होतं. 'ज्या दिशी दाराला आतून कडी लावता येईल त्या दिशी बोलवा.' लग्नाला तीन वर्षं झाली होती, त्यातली अडीच मी पोस्टकार्डावर काढली होती.

पुढच्या रविवारी तू आपणहून आलास, खांद्यावर थापी, ओळंबा आणि घमेलं. 'तुजं घर कोन बांदनार?'

'मी.'

'तू? पॅकिंगवाला ना तू? तुना खोका नीट बांदता येत नाय म्हनं.' हे तुला कोणी सांगितलं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

चारही भिंती तू बांधल्यास. मी वीट दे, पाणी मार, एवढाच. बाकीच्या तिन्ही भिंतींना तू दोरी लावलीस, शहाण्या गवंड्यासारखी. मागच्या भिंतीची वेळ आली तेव्हा दोरी खिशात घातलीस, वहाणा काढल्यास आणि अनवाणी मुरुमावर इकडून तिकडं चालायला लागलास, डोळे अर्धे मिटून. चालता चालता थांबलास. टाच दाबलीस. 'हितं.' मी म्हटलं, हिरूदादा, नकाशात तर संडासाच्या भिंतीला धरून सरळ आहे. तू म्हणालास, 'नकाशा कोनी काडला? तो हितं चाललाय का कवा?' आणि पाया खणलास. तिरका. मला वाटलं, सकाळीच घेतली असेल.

त्या दिवसांत सिमेंट परमिटवर मिळायचं आणि ठेवायला जागा नव्हती. कुलूप लागेल अशी एकच वास्तू सगळ्यांकडं होती. त्यामुळं चाळीसही संडासांत सिमेंटची पोती आणि चाळीसही मालक सकाळी डबा घेऊन बाबांच्याच वाटेनं मोकळ्यावर. तू ढिगावर बसून एकेकाला नमस्कार घालायचास. 'पोत्यांना काय घाई लागली का रं आत?'

आणि मग महामंडळाच्या पाहणीचा दिवस. भिंती झाल्या होत्या, पत्रे आले नव्हते. मला ताप भरला. खोटं नाही, खराच ताप. माझ्या कपाळाला हात लावून तू म्हणालास, 'घाबऱ्या, छप्परच पायजे ना त्याला?' दिवाळे गावच्या कोळी दोस्ताकडून होडीचं जुनं शीड आणलंस, भिंतींवर ताणून बांधलंस. सगळ्या घराला सुक्या बोंबलाचा वास. आत चूल मांडलीस, घरून चांगुणावहिनीला आणून चुलीपुढं बसवलंस आणि मला सांगितलंस, 'सायेबानं विचारलं तर तू बोलू नको. तू बोललास का जागा जाते.'

साहेब आले. बिचारे उन्हात चाळीस ठिकाणं हिंडून दमलेले. वर बघून म्हणाले, 'हे छप्पर आहे?'

'हाय ना,' तू म्हणालास. 'वारा आला तर घर चालतं पन.'

साहेब हसले नाहीत. चुलीकडं बोट करून मला विचारलं, 'या आपल्या मिसेस?' तू बोलू नको म्हणाला होतास, म्हणून मी तुझ्याकडं पाहिलं. उत्तर वहिनीनं दिलं. फुंकणी खाली ठेवली, पदर खोचला आणि म्हणाली, 'मी याची कोन नाय. तू ज्याच्या शेतान उबा हायस त्याची मी बायको. आता आलास ते जेवून जा.'

साहेबांनी वहीकडं बघितलं. वहीत या उत्तराला रकाना नव्हता. ते खाली बसले आणि जेवले. वहिनीचं सुकटीचं कालवण ते, तिखटानं डोळ्यांत पाणी आलं तरी थांबले नाहीत. आणि मग, अर्ध्या घटकेनं, त्यांचा चेहरा बदलला. ते इकडंतिकडं बघायला लागले. तुझ्या ते आधी लक्षात आलं. 'घाबऱ्या, पोती काड!' आयुष्यात मी तसं काम पुन्हा केलं नाही. सहा पोती, पन्नास पन्नास किलोची, अंगात ताप, आणि बाहेर एक सरकारी अधिकारी एका पायावरून दुसऱ्या पायावर. माझ्या संडासाचा पहिला वापर सरकारनंच केला. बाहेर आल्यावर त्यांनी 'शौचालय वापरात आहे काय' या रकान्यात स्वतःच्या अनुभवानं 'आहे' लिहिलं, छपरापुढंही 'आहे' लिहिलं, राहत्या माणसापुढं क्षणभर थांबले, वहिनीकडं पाहिलं आणि 'आहे' लिहून टाकलं.

पंधरा दिवसांनी पत्रे आले. कडी तू स्वतः बसवलीस. शांता आली, तिनं आत जाऊन कडी लावली आणि बराच वेळ उघडलीच नाही. आपण दोघं बाहेर उभे. तू म्हणालास, 'झालं. आता हिचं घर. तू ऱ्हा बाहेर.'

बाबांनी आणलेली बुद्धांची तसबीर तुझ्या मागच्या भिंतीवर लागली. तिच्याखाली खाट लावायला गेलो तेव्हा कळलं की खाट एका टोकाला भिंतीला लागते आणि दुसऱ्या टोकाला फूटभर जागा राहते. आमची मुलगी त्या फटीत तीनदा पडली. शांता तिथं केरसुणी ठेवते, आणि त्या जागेला ती 'भाऊजींचा कोपरा' म्हणते. आणि मी सात वर्षं तुझं डोकं खाल्लं. ओटा वाकडा, फडताळ वाकडं, फरशी तिरकी कापावी लागली. तू दर रविवारी यायचास, भिंतीला पाठ लावून बसायचास, चहा प्यायचास आणि म्हणायचास, 'पाठीला तर सरल लागते.'

गेल्या महिन्यात मी म्हणालो, आता वर स्लॅब टाकायचा आहे, पुढंमागं रेल्वे येणार म्हणतात, घर नीट करून घेऊ. मागची भिंत पाडून सरळ बांधतो. तू हातातला कप खाली ठेवलास. चहा अर्धा होता. 'हात लावून तर बग,' म्हणालास आणि गेलास. पुढचे तीन रविवार आला नाहीस. मला वाटलं, रुसलास, येशील. मी कशाला तुझ्याकडं जातोय, माझीही ऐट. चौथ्या रविवारी तुझ्या गावातून निरोप आला, तो तुझा नव्हता, तुझ्याबद्दलचा होता. छातीत कळ आली आणि संपलं, म्हणाले. भांडणात तू कधी एवढ्या घाईनं उठून गेला नव्हतास.

दहाव्याला खाडीवर आलो होतो. पिंडाला कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, काही इच्छा राहिली नाही. मला थोडं वाईटच वाटलं. वाटलं होतं, भिंतीवरून तरी अडून बसशील.

सगळं उरकल्यावर चांगुणावहिनी माझ्याजवळ येऊन बसली. 'भिंत पाडलीस?'

'नाही वहिनी. गवंडी सांगितलाय.'

'बाकीच्यांच्या मागच्या भिंती बगितल्यास?'

बघितल्या होत्या. ओळीतल्या सगळ्यांच्या मागच्या भिंतींना गेल्या दोन पावसाळ्यांत तडे गेलेत. खालचा भराव बसतोय. माझ्याही पुढच्या भिंतीला गेलाय, मी घाबरट माणूस, रोज सकाळी त्यात काडी घालून बघतो. मागच्या भिंतीला नाही. ते माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. वाकडेपणा मोजताना बाकी काही बघायला वेळ कुठं होता?

'तुज्या भिंतीखाली सासऱ्यांचा बांद हाय,' वहिनी म्हणाली. 'खाडीचं पानी अडवायचा. सासरे, त्यांचा बापूस, दर साल चिखल चडवायचं नि पायानं दाबायचं. मी पन दाबलाय, नवी नवरी होती तवा. हा बोलला, सगली जमीन बसंल, बांद नाय बसनार. तुजी भिंत त्यावरच घालतो बोलला.'

मी तिच्याकडं वळलो. म्हटलं, 'मग सांगितलं का नाही त्यानं? सात वर्षं?'

'तू इचारलंस कवा?' ती म्हणाली. रागानं नाही. भाकरी संपली का, असं विचारावं तसं. 'तू दरवेली इचारलंस, वाकडी का बांदलीस. ही जागा कशाची, ते नाय इचारलंस.'

हिरूदादा, एसटीच्या खिडकीतून बाबांनी धरलेलं मनगट त्या वेळी दुखलं.

आता विचारतो. फार उशीर झालाय, तू म्हणशील कागद घेऊन आलास का, तर हो, कागदच आहे, पण सही माझी आहे आणि या वेळी सगळा वाचून केली आहे. तुझ्या शेतात राहू का? तुझ्या बांधाला पाठ लावून झोपू का? तू सात वर्षं दर रविवारी तिथं पाठ लावून बसायचास, ते चहासाठी नव्हतं, हे मला आता कळलं. तरी चहा तू दोन कप प्यायचास, तेही खरं.

गवंड्याला नको म्हणून कळवलं. स्लॅबचं बघू. आज दुपारी सुतार आला होता, शांताला कपाट हवंय, भाऊजींच्या कोपऱ्यात बसेल असं. त्यानं माप घेतलं, पुन्हा घेतलं, गुण्या लावला, डोकं खाजवलं. 'शेठ, गडबड आहे. कपाट एका बाजूनं फूटभर जास्त खोल करावं लागेल. वाकडं दिसेल.'

मी भिंतीला पाठ लावून चहा पीत होतो.

'कपाट वाकडंच करा,' मी म्हटलं. 'भिंत सरळ आहे.'